संगणकाची मुक्त साधने

माणसाने आजवर जी काही प्रगती केली, तिच्यात त्याच्या हत्यारांचा वाटा फार मोठा आहे. शेतकऱ्याचा नांगर, सुताराचा रंधा, कुंभाराचे चाक, विणकराचा माग ही सारी त्याची जुनी साधने. या साधनांचा एक विशेष गुण आहे. त्यांची रचना कोणापासून लपवून ठेवलेली नसते. नांगराचा फाळ कोठे बसतो आणि रुमणे कोठे जोडलेले असते, हे शेतकऱ्याच्या मुलाला पाहता पाहता समजते. फाळ झिजला तर गावचा लोहार तो नीट करून देतो. रुमणे मोडले तर सुतार नवे बसवितो. आपली जमीन खडकाळ असेल, तर नांगर थोडा निराळा करून घेण्यास कोणाची परवानगी लागत नाही.

संगणक हे आपल्या काळातील हत्यार होय. हिशेब, लेखन, चित्रे, संगीत, पत्रव्यवहार अशी नाना कामे तो करतो. पण ही कामे तो कशी करतो, हे त्याची पेटी उघडून पाहिले तरी कळत नाही. पेटीत असतात त्या तारा, चकत्या आणि पट्ट्या. संगणकाला काय करावयाचे हे सांगणारी शक्ती निराळीच आहे. तिला आज्ञावली म्हणतात.

आज्ञावली म्हणजे संगणकाला द्यावयाच्या आज्ञांची क्रमवार मांडणी. ती एका विशिष्ट भाषेत लिहिलेली असते आणि ती भाषा जाणणाऱ्या कोणालाही वाचता येते. या लिखाणाला मूळ संहिता किंवा सोर्स कोड असे नाव आहे. पुढे या संहितेचे रूपांतर शून्य आणि एक या दोनच चिन्हांच्या लांबच लांब माळेत केले जाते. संगणकाला ती माळ समजते; माणसाला मात्र तिच्यातून सहसा काही उलगडत नाही. कित्येक उत्पादक ग्राहकाला केवळ ही माळ देतात आणि मूळ संहिता आपल्यापाशी ठेवतात. दुसरे काही जण मूळ संहिताही सर्वांसाठी खुली ठेवतात. या दुसऱ्या प्रकारच्या आज्ञावलींना मुक्तस्रोत आज्ञावली म्हणतात. त्यांची आणि त्यांच्या उपयोगाची ओळख आपण या पाठात करून घेऊ.

इ. स. १९८० च्या सुमाराची गोष्ट. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे तरुण संशोधक काम करीत असत. तेथे सर्वांना मिळून एक छपाईयंत्र होते. त्यात कागद वारंवार अडके. यंत्र दुसऱ्याच मजल्यावर असल्यामुळे ते कोणाच्या लक्षात येत नसे. छापलेले कागद आणावयास जावे, तो काम मध्येच थांबलेले आढळावे, असा नित्याचा अनुभव होता. पूर्वीच्या छपाईयंत्राच्या वेळी स्टॉलमन यांनी आज्ञावलीत थोडी भर घातली होती. कागद अडकताच, ज्यांचे काम खोळंबले असेल त्यांना संगणकावर सूचना मिळत असे. नव्या यंत्रासाठीही तसेच करावे असे त्यांनी ठरविले. पण त्याच्याबरोबर मूळ संहिता आलीच नव्हती. ती दुसऱ्या एका विद्यापीठातील संशोधकाजवळ आहे असे समजल्यावर स्टॉलमन त्यांच्याकडे गेले. त्या गृहस्थांनी स्पष्ट नकार दिला. संहिता कोणालाही न देण्याचे वचन त्यांनी आधीच दिले होते.

गोष्ट तशी लहान. परंतु तिने एक मोठा प्रश्न उभा केला. दुरुस्तीचे ज्ञान अंगी आहे, सहकाऱ्यांचा त्रास वाचविण्याची इच्छा आहे, आणि तरीही हात बांधलेले! मग त्या साधनाचा खरा धनी कोण? स्टॉलमन यांनी १९८३ साली 'ग्नू' नावाचा प्रकल्प जाहीर केला. जिचा प्रत्येक भाग सर्वांसाठी मुक्त असेल, अशी संपूर्ण संगणक-प्रणाली निर्माण करावयाची, हा त्याचा हेतू. मुक्त आज्ञावली वापरणाऱ्याला चार हक्क असले पाहिजेत, असे या विचाराचे सार आहे. आज्ञावली कोणत्याही कामासाठी वापरता यावी, हा पहिला हक्क. ती कशी चालते याचा अभ्यास करून तिच्यात फेरफार करता यावा, हा दुसरा. तिच्या प्रती इतरांना देता याव्यात, हा तिसरा. आणि आपण सुधारलेली आज्ञावलीही इतरांना देता यावी, हा चौथा.

१९९१ पर्यंत ग्नू प्रकल्पाचे पुष्कळ भाग तयार झाले होते. पण प्रणालीचा गाभा, म्हणजे यंत्राचे सारे भाग आणि आज्ञावली यांच्यामध्ये राहून दोघांचा मेळ घालणारा भाग, अजून पुरा झाला नव्हता. त्याच वर्षी फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठातील २१ वर्षांचे विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी असा एक गाभा स्वतः लिहावयास घेतला होता. ऑगस्ट महिन्यात त्यांनी ही गोष्ट इतरांना कळविली आणि सूचना मागविल्या. त्यांच्या गाभ्याला पुढे 'लिनक्स' हे नाव मिळाले. पहिल्या आवृत्तीत सुमारे दहा हजार ओळी होत्या. पुढे जगभरातील हजारो लोकांनी तिच्यात भर घातली. आज अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सचाच गाभा असतो. जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालत आले आहे.

येथे एका शब्दाकडे लक्ष दिले पाहिजे. इंग्रजी भाषेत 'फ्री' या एकाच शब्दाने विनामूल्य आणि स्वतंत्र असे दोन्ही अर्थ सांगितले जातात. त्यामुळे पुष्कळांचा गोंधळ होतो. आपल्या मराठीत मात्र 'मोफत' आणि 'मुक्त' असे दोन निराळे शब्द आहेत. एखादी वस्तू मोफत मिळाली, तरी ती उघडून पाहण्याची मनाई असू शकते. उलट, मुक्त आज्ञावली कोणी पैसे घेऊन विकली, तरी ती मुक्तच राहते. या साधनांपैकी बहुतेक विनामूल्य मिळतात हे खरे. पण त्यांचे मोल त्यांच्या मुक्तपणात आहे.

आता प्रत्यक्ष उपयोगाकडे वळू. लिनक्सचा गाभा आणि नित्याच्या उपयोगाच्या आज्ञावली एकत्र बांधून जो संच तयार करतात, त्याला वितरण म्हणतात. १९९३ साली सुरू झालेले डेबियन, २००४ सालचे उबुंटू आणि २००६ सालचे लिनक्स मिंट ही त्यांतील काही प्रसिद्ध वितरणे होत. केरळ राज्यातील सरकारी शाळांतून संगणकाचे शिक्षण अशाच मुक्त प्रणालीवर गेली अनेक वर्षे दिले जात आहे.

नवे वितरण वापरून पाहण्यासाठी जुनी प्रणाली पुसून टाकण्याचे कारण नाही. बहुतेक वितरणे पेनड्राइव्हवर उतरवून घेता येतात आणि संगणक त्या पेनड्राइव्हवरूनच सुरू करता येतो. 'स्थापना करा' असा पर्याय आपण होऊन निवडला नाही, तर आतील प्रणाली आणि फाइली जशाच्या तशा राहतात. पडदा, आवाज, कळफलक आणि इंटरनेट नीट चालतात की नाही, हे आधी असे तपासून घ्यावे. प्रत्यक्ष स्थापना करण्यापूर्वी मात्र सर्व फाइलींच्या प्रती दुसरीकडे ठेवाव्यात आणि जवळ जाणत्या माणसाला बसवावे.

जुन्या संगणकांना तर ही वितरणे संजीवनीच ठरतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचे नेहमीचे साहाय्य थांबले. जे संगणक पुढची आवृत्ती पेलू शकत नाहीत, ते धडधाकट असूनही अडगळीत जाण्याची वेळ आली. अशा यंत्रावर एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूट यांसारखा हलका पडदा असलेले वितरण बसविले, तर ते लेखन-वाचनाचे काम पुढेही करू शकते.

विद्यार्थ्याला सर्वांत अधिक उपयोग होतो तो लेखनाच्या साधनाचा. 'लिब्रेऑफिस' हा अशा साधनांचा संच आहे. त्यात लेखनासाठी 'रायटर', हिशेबासाठी 'कॅल्क' आणि भाषणाच्या वेळी दाखवावयाच्या चित्रपट्ट्यांसाठी 'इम्प्रेस' असे विभाग आहेत. रायटरमध्ये निबंध लिहिताना पुष्कळ जण मथळा निवडतात, त्याचे अक्षर मोठे करतात, मग ठळक करतात, आणि पुढच्या प्रत्येक मथळ्यासाठी तोच खटाटोप पुन्हा करतात. त्यापेक्षा 'शैली' वापराव्यात. कोणती ओळ मुख्य मथळा आणि कोणती उपमथळा, एवढेच रायटरला सांगावे. मग शैली एकदा बदलली, की त्या जातीचे सर्व मथळे एकदम बदलतात. शिवाय अनुक्रमणिका पृष्ठांकांसह आपोआप तयार करता येते. कॅल्कमध्ये घरचा जमाखर्च मांडताना बेरीज स्वतः करून लिहू नये. त्या चौकटीत बेरजेचे सूत्र लिहावे. एखादा आकडा पुढे बदलला, तरी एकूण रक्कम आपोआप बदलते आणि चुकीला वाव राहत नाही.

लिब्रेऑफिस आपले लिखाण ओडीटी नावाच्या स्वरूपात साठविते. या स्वरूपाचे सर्व नियम प्रसिद्ध केलेले आहेत आणि २००६ साली त्याला आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली. यात मोठा लाभ आहे. उद्या लिब्रेऑफिस बंद पडले, तरी ते नियम वाचून कोणालाही नवी आज्ञावली लिहिता येईल आणि आपले लिखाण उघडता येईल. म्हणून आपली मूळ प्रत ओडीटीमध्ये ठेवावी. शिक्षकांना किंवा छापखान्यास द्यावयाची प्रत पीडीएफ करून द्यावी. म्हणजे तिची मांडणी विस्कटत नाही.

उघड्या नियमांचे महत्त्व मराठी माणसाने अनुभवाने ओळखले आहे. पूर्वी संगणकावरील मराठी फॉन्ट ज्याने त्याने आपापल्या पद्धतीने बनविलेले असत. एकात 'क' ज्या क्रमांकावर, दुसऱ्यात तेथे 'म'! अशा फॉन्टमध्ये लिहिलेला लेख दुसऱ्या संगणकावर उघडला, की अक्षरांच्या जागी रोमन लिपीतील अर्थहीन खुणा दिसत. त्या काळी टंकलिखित झालेल्या कित्येक मराठी लेखांची अवस्था, पेटीची किल्ली हरवावी तशी झाली. पुढे युनिकोड हे मानक रूढ झाले. त्यात जगातील सर्व प्रमुख लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक दिलेला आहे, आणि तो सर्वांस ठाऊक आहे. त्यामुळे आज रत्नागिरीत लिहिलेले पत्र लंडनमध्ये जसेच्या तसे वाचता येते. म्हणून मराठी लिहिताना नेहमी युनिकोडच वापरावे.

मराठी टंकलेखनासाठी भारत सरकारने प्रमाण ठरविलेली इनस्क्रिप्ट ही कळफलकाची मांडणी बहुतेक सर्व वितरणांत असतेच. ती शिकणे मुळीच अवघड नाही. स्वर डाव्या हाताकडे आणि व्यंजनांपैकी बहुतेक उजव्या हाताकडे असतात. ज्या कळीवर 'क' आहे, तीच शिफ्टसह दाबली की 'ख' उमटतो. 'ग' च्या कळीवर त्याच रीतीने 'घ' मिळतो. जोडाक्षर लिहिताना पहिले अक्षर, मग पाय मोडण्याचे चिन्ह आणि मग दुसरे अक्षर असा क्रम ठेवावा. मराठीत एक गंमत मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. 'सूर्य' या शब्दातील रफार साध्या 'र' ने मिळतो. परंतु 'शेतकऱ्यांना', 'दुसऱ्या' या शब्दांतील 'र' निराळा दिसतो. त्यासाठी 'र' ची कळ शिफ्टसह दाबून मिळणारा 'ऱ' घ्यावा, त्यानंतर पाय मोडण्याचे चिन्ह आणि 'य' द्यावा. अक्षरांच्या वळणांतही आता निवड करता येते. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्ता' आणि मुंबईच्याच आय. आय. टी. चा 'शोभिका' हे दोन्ही फॉन्ट मुक्त आहेत.

चित्रे, ध्वनी आणि चलच्चित्रे यांसाठीही उत्तम साधने आहेत. 'गिंप' ही चित्रांवर संस्कार करणारी आज्ञावली १९९५ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथील दोन विद्यार्थ्यांनी सुरू केली. तिच्यात चित्राचे निरनिराळे थर एकावर एक ठेवता येतात. काम चालू असेपर्यंत चित्र गिंपच्या स्वतःच्या एक्ससीएफ स्वरूपात साठवावे, म्हणजे थर शाबूत राहतात. पूर्ण झाल्यावरच त्याची जेपीईजी किंवा पीएनजी प्रत काढावी. छायाचित्र हे बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. म्हणून ते फार मोठे केले की फाटल्यासारखे दिसते. स्नेहसंमेलनाचा फलक किंवा शाळेचे बोधचिन्ह काढावयाचे असेल, तर 'इंकस्केप' वापरावे. ते ठिपक्यांऐवजी रेषांचे गणित साठविते, त्यामुळे चित्र कितीही मोठे केले तरी कडा स्वच्छ राहते.

ध्वनिमुद्रणासाठी 'ऑडॅसिटी' हे साधन आहे. समजा, तुम्हांला आजीच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या मुद्रित करून ठेवावयाच्या आहेत. खोलीत पंख्याची घरघर असेल, तर ती मुद्रणातही येईल. अशा वेळी गाणे सुरू होण्यापूर्वी पाच-दहा सेकंद कोणीही न बोलता नुसतीच शांतता मुद्रित करावी. पुढे तेवढाच तुकडा निवडून तो ऑडॅसिटीला गोंगाटाचा नमुना म्हणून द्यावा आणि मग सर्व मुद्रणातून तो गोंगाट कमी करण्यास सांगावे. आवाज स्वच्छ होतो. मूळ मुद्रण मात्र पुसून टाकू नये. पुढे याहून चांगले साधन मिळाले, तर तीच मूळ प्रत उपयोगी पडेल.

चित्रफिती पाहण्यासाठी 'व्हीएलसी' प्रसिद्ध आहे. तिचा उगम पॅरिसजवळील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात झाला. एखादे व्याख्यान भरभर वाटले, तर तिच्यात त्याचा वेग कमी करून ऐकता येतो. आकाशाची आवड असणाऱ्यांसाठी 'स्टेलेरियम' आहे. त्यात आपल्या गावाचे नाव आणि वेळ निवडली, की त्या वेळचे आकाश पडद्यावर अवतरते. दिवसा आकाशाचा अभ्यास करून ठेवावा आणि रात्री अंगणात उभे राहून मृग नक्षत्र ओळखावे. यातील आनंद काही निराळाच आहे.

त्रिमितीय चित्रांसाठी 'ब्लेंडर' नावाची आज्ञावली आहे. तिची कथा सांगण्याजोगी आहे. ती मूळची नेदरलँड्समधील एका कंपनीची होती. कंपनी बंद पडली आणि आज्ञावली कायमची कुलपात जाण्याची वेळ आली. तेव्हा तिचे जनक टोन रोसेंडाल यांनी २००२ साली लोकांना आवाहन केले. अवघ्या सात आठवड्यांत एक लाख युरो जमले आणि त्या पैशांनी ब्लेंडर मुक्त करण्यात आली. पुढे लाटव्हियाचे दिग्दर्शक गिंट्स झिल्बालोडिस यांनी याच साधनाने 'फ्लो' हा एका मांजराचा चित्रपट बनविला. त्यात एकही संवाद नाही. २०२५ साली त्याला सर्वोत्तम ॲनिमेटेड चित्रपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. जगातील श्रीमंत चित्रसंस्थांच्या पंक्तीत एका लहान देशाचा चित्रपट बसला. आणि ज्या साधनाने तो घडला, ते तुमच्या शाळेच्या संगणकावरही बसविता येते.

आता काही सर्वसाधारण सूचना. नवी आज्ञावली हवी असेल, तर ती वितरणाच्या स्वतःच्या भांडारातूनच घ्यावी; अनोळखी ठिकाणाहून उतरवून घेऊ नये. रोजचे काम साध्या वापरकर्त्याच्या नावाने करावे. प्रणाली मध्येच व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द विचारू लागली, तर तो का हवा आहे हे समजल्याखेरीज देऊ नये. काम करताना दर थोड्या वेळाने कंट्रोल आणि एस या कळा दाबून ते साठवावे. महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत संगणकाबाहेर, निराळ्या जागी ठेवावी. एकाच पेटीतील दोन प्रती म्हणजे एकाच दोरीला बांधलेल्या दोन घागरी. दोरी तुटली की दोन्ही विहिरीत!

लिनक्सच्या प्रत्येक वितरणात 'टर्मिनल' नावाची एक काळी चौकट असते. तिच्यात चित्रांवर टिचकी मारण्याऐवजी आज्ञा लिहून द्यावयाच्या असतात. नवख्याला तिची भीती वाटते. पण ती अकारण आहे. एल आणि एस ही दोन इंग्रजी अक्षरे लिहून एंटर दाबले, की समोर फाइलींची यादी येते. लांबलचक नाव लिहावयाचे असेल, तर पहिली काही अक्षरे लिहून टॅब ही कळ दाबावी. संगणक उरलेले नाव स्वतः पुरे करतो. कोणत्याही आज्ञेची माहिती हवी असल्यास 'मॅन' हा शब्द लिहून पुढे त्या आज्ञेचे नाव द्यावे. मात्र एक सावधगिरी बाळगावी. आर आणि एम या अक्षरांची आज्ञा फाइल पुसून टाकते, आणि ती कचरापेटीतही सापडत नाही. अर्थ न समजलेली आज्ञा, ती कोणीही सांगितलेली असो, टर्मिनलमध्ये लिहू नये.

मूळ संहिता उघडी असली म्हणजे सारे आपोआप सुरक्षित होते, असे मात्र समजू नये. २०२४ सालच्या आरंभी 'एक्सझेड' नावाच्या एका लहानशा मुक्त आज्ञावलीत कोणी तरी कपटाने चोरवाट घालून ठेवली. दोन वर्षांहून अधिक काळ गोड वागून त्या व्यक्तीने विश्वास संपादन केला होता. ही आज्ञावली असंख्य संगणकांवर वापरली जाते. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यांच्या ध्यानात आले की, संगणकात प्रवेश मिळण्यास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत आहे. दुसऱ्या कोणी त्याकडे दुर्लक्ष केले असते. त्यांनी कारण शोधण्याचा ध्यास घेतला आणि चोरवाट सापडली. त्यांनी ती तत्काळ जगापुढे मांडली आणि मोठे संकट टळले. झाकण उघडे होते, म्हणून त्यांना आत पाहता आले. पण त्याचबरोबर हेही ध्यानात घ्यावे की, ते आत पाहण्याचे कष्ट कोणी तरी घेतले, म्हणूनच सारे वाचले.

गावची विहीर सर्वांची असते. पण तिचा गाळ कोणी उपसलाच नाही, तर पाणी फार दिवस टिकत नाही. मुक्त साधनांचेही तसेच आहे. तुम्ही अजून आज्ञावली लिहू शकत नसाल. तरी करण्यासारखे पुष्कळ आहे. एखादा दोष आढळला, तर नुसते 'चालत नाही' असे न म्हणता, आपण काय केले, काय होईल असे वाटले आणि प्रत्यक्षात काय झाले, हे नीट लिहून शिक्षकांच्या साहाय्याने त्या आज्ञावलीच्या कर्त्यांना कळवावे. तीन ओळींची अशी नेमकी नोंद त्यांना फार मोलाची वाटते. अनेक मुक्त साधनांवरील सूचना मराठीत दिसतात, त्या कोणी तरी आपला वेळ देऊन भाषांतरित केल्या म्हणून. त्यांत अशुद्ध किंवा दुर्बोध शब्द आढळला, तर अधिक चांगला शब्द सुचविता येतो. भाषेचा अभ्यास येथेही कामी येतो.

जे साधन आपण वापरतो, त्याचे आपण केवळ गिऱ्हाईक असावे की त्याचे जाणते धनी व्हावे, हा प्रश्न स्टॉलमन यांच्यासमोर एका अडकलेल्या कागदाने उभा केला होता. आज तो प्रत्येक संगणकासमोर बसणाऱ्या विद्यार्थ्यापुढे आहे. साधन उघडे असणे ही त्याची पहिली पायरी. ते जिज्ञासेने पाहणे, काळजीने वापरणे आणि सुधारून पुढच्याच्या हाती देणे, या पुढच्या पायऱ्या ज्याच्या त्याने स्वतः चढावयाच्या आहेत.

शब्दार्थ

रुमणे – नांगर हातात धरण्याची मूठ असलेला उभा भाग. संहिता – क्रमाने मांडलेले मूळ लिखाण. खोळंबणे – अडून राहणे. धनी – मालक. संजीवनी – पुन्हा जीवन देणारी वनस्पती. खटाटोप – यातायात. मानक – सर्वांनी मान्य केलेला नियम. शाबूत – न बिघडलेले. दुर्बोध – समजण्यास कठीण. जिज्ञासा – जाणून घेण्याची इच्छा.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे एक-दोन वाक्यांत लिहा.
(अ) मूळ संहिता कशाला म्हणतात?
(आ) स्टॉलमन यांना नव्या छपाईयंत्रात सुधारणा का करता आली नाही?
(इ) जुने मराठी लेख दुसऱ्या संगणकावर का वाचता येत नसत?
(ई) फलक काढण्यासाठी गिंपपेक्षा इंकस्केप अधिक सोयीचे का?

२. कारणे द्या.
(अ) लिखाणाची मूळ प्रत ओडीटी स्वरूपात ठेवावी.
(आ) ओव्यांच्या मुद्रणापूर्वी काही सेकंद शांतता मुद्रित करावी.
(इ) फाइलींच्या दोन्ही प्रती एकाच संगणकात ठेवू नयेत.

३. 'मोफत' आणि 'मुक्त' या शब्दांच्या अर्थांतील भेद स्वतःच्या उदाहरणांनी स्पष्ट करा.

४. 'एक्सझेड' च्या प्रसंगातून मुक्त साधनांचा कोणता गुण आणि वापरणाऱ्यांची कोणती जबाबदारी दिसून येते? आठ-दहा ओळींत लिहा.

५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा: हात बांधलेले असणे, ध्यास घेणे, विश्वास संपादन करणे, अडगळीत जाणे.

६. 'सूर्य, कार्य, दुसऱ्या, वाऱ्यावर, आचार्य, पायऱ्या' या शब्दांतील 'र' च्या रूपांप्रमाणे दोन गट करा. प्रत्येक गटात आणखी तीन शब्द घाला.

७. उपक्रम: आजी, आजोबा किंवा शेजारच्या वृद्ध व्यक्तीची परवानगी घेऊन त्यांच्याकडून एक ओवी किंवा लोककथा ऑडॅसिटीमध्ये मुद्रित करा. ती ऐकून युनिकोडमध्ये टंकलिखित करा. दोन्हींची एक प्रत घरी आणि एक शाळेत ठेवा.